प्रश्न तुमचे : हाताखाली माणसं आल्यावर स्वतःचा हिशोब कसा ठेवायचा?

या वेळच्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार आला आहे. बढती मिळाली, हाताखाली माणसं आली, 'आत्मपरीक्षण करा' असा सल्लाही मिळाला. पण ते करायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा महिन्यांपूर्वी मी ऑपरेटरचा सुपरवायझर झालो. अठरा माणसं आहेत, त्यातली अकरा कंत्राटी. प्रशिक्षणात सांगितलं, 'रोज आत्मपरीक्षण करा.' मी कंपनीच्या बसमध्ये करतो, पण तेच तेच डोक्यात फिरतं आणि घर येतं. नक्की करायचं काय?

बसमध्ये चालते ती उजळणी. साहेब काय बोलले, आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, उद्या पुन्हा तेच होणार. ओळखायची खूण सोपी आहे. दहा मिनिटांनी 'उद्या ही एक गोष्ट वेगळी करणार' असं काही हाती लागलं नसेल, तर तो वेळ डोकं शिणवण्यात गेला.

आधी जागा बदला. पुढच्या पाळीला चार्ज दिला की गेटबाहेर पडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं लाइनजवळच बसा आणि हाताने लिहा. ओळी चारच. पहिली ओळ मात्र पाळी सुरू होतानाच लिहून ठेवायची : आज काय होईल असं मला वाटतं. उरलेल्या तीन शेवटी : प्रत्यक्षात काय झालं, त्यात मी काय केलं किंवा केलं नाही, आणि उद्या कोणती एक गोष्ट, किती वाजता, कोणाबरोबर.

बहुतेकांची पहिल्या आठवड्यातली नोंद अशी असते : 'आज रिजेक्शन जास्त. मुलांचं लक्ष नाही. उद्या लक्ष द्यायचं.' यातून काहीच शिकता येत नाही. कामाची नोंद अशी दिसते : 'अपेक्षा ४८० नग, रिजेक्शन ५ पर्यंत. झाले ४३१, रिजेक्शन १९. त्यातले १४ इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) बदलल्यानंतरच्या पहिल्या पाऊण तासातले. सेटर (मशीन जुळवून देणारा) दुसऱ्या लाइनवर होता, मीच पाठवला होता. क्वालिटीवाला येऊन पहिला नग बघेपर्यंत थांबू का, असं ऑपरेटरने विचारलं. मी म्हणालो, चालू कर. उद्या : इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग पास झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. हे सकाळी सव्वासातला मी लाइनवर सांगणार.'

पहिल्या नोंदीत दोष मुलांचा होता. दुसऱ्या नोंदीत तो 'चालू कर' या दोन शब्दांपाशी येऊन थांबला.

तिसरी ओळ सगळ्यात अवघड जाते, आणि त्यात आपली भाषा आपल्याला लपायला मदत करते. 'सांगायचं राहून गेलं', 'तपासलं गेलं नाही' असं म्हटलं की करणारा माणूस वाक्यातून गायब होतो. म्हणून तिसरी ओळ 'मी' या शब्दानेच सुरू करायची, असा नियम ठेवा. 'मी सांगितलं नाही.' हाताला जड जाते, पण हीच ओळ कामाची आहे.

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून आठवड्याच्या फक्त तिसऱ्या ओळी वाचा. एकच गोष्ट तीनदा आली, तर ती एखाद्या दिवसाची चूक राहिलेली नाही. एक तर तुमची सवय आहे किंवा कामाच्या रचनेतला दोष. पुढच्या आठवड्यात फक्त तिच्यावर काम करा.

दहा-बारा दिवसांनी दोन गोष्टी बिघडतात. एक, वही उत्पादनाच्या रिपोर्टसारखी होते : आकडे सगळे, 'मी' कुठेच नाही. दोन, फक्त वाईट दिवस लिहिले जातात. चांगला दिवस का चांगला गेला, हेही आपल्याला ठाऊक नसतं. टोयोटात 'हानसेई' नावाची पद्धत आहे. काम यशस्वी झालं तरी बसून कुठे कमी पडलो ते बघतात. ते इथे उचलण्यासारखं आहे.

पंधरा मिनिटांनी काय होणार, असं वाटत असेल तर एक दाखला. बंगळुरूत विप्रोच्या नव्या प्रशिक्षणार्थींवर एक प्रयोग झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं काम थांबवून, आज काय शिकलो ते लिहिलं. दुसऱ्या गटाने तेवढा वेळ काम सुरू ठेवलं. अखेरच्या चाचणीत लिहिणाऱ्यांची कामगिरी सुमारे २३ टक्के सरस ठरली. ती प्रशिक्षणार्थींची परीक्षा होती, सुपरवायझरची नव्हे. म्हणून आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. पंधरा मिनिटं काम थांबवल्याने नुकसान झालं नाही, एवढं मात्र त्यातून नक्की घेता येतं.

प्रश्न : हिंजवडीत टीम लीड आहे, नऊ जणांची टीम. प्रत्येक रिलीजनंतर रेट्रो (झालेल्या कामाचा टीमने बसून घेतलेला आढावा) होतोच. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. मग निर्णय वेगळे लिहून ठेवायची गरज काय?

स्मरणशक्ती उत्तम असली तरी निकाल कळला की आठवण त्याच्याकडे सरकते, आणि ती सरकली हे आपल्याला कळत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने विद्यार्थ्यांना आधीच विचारलं, या दौऱ्यांत अमुक घडण्याची शक्यता किती टक्के? दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना, तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होतात ते आठवा, असं सांगितलं. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण मुळातच जास्त टक्के दिले होते, असं बहुतेकांना आठवलं. हे निष्कर्ष १९७५ मध्ये छापून आले. आपल्याकडे याला एक रोजचं वाक्य आहे : 'मला तेव्हाच वाटलं होतं.' हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं आठवत असतं.

म्हणून निर्णय घेतानाच चिठ्ठी लिहायची. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी अपेक्षा लिहून ठेवा आणि नऊ ते बारा महिन्यांनी ताडून बघा, असं सांगत. सॉफ्टवेअरच्या कामात एवढं थांबायचं कारण नाही. सहा ते आठ आठवडे पुरतात. प्रत्येक निर्णयाची चिठ्ठी नको. एखाद्याचं आठवडाभराचं काम ज्यावर अवलंबून आहे, किंवा एखादा माणूस इकडचा तिकडे होणार आहे, असेच निर्णय घ्या. महिन्याला तीन-चार होतील.

चिठ्ठीवर तारीख, निर्णय एका वाक्यात, कोणता पर्याय टाकून दिला आणि का, काय होईल असं वाटतं (तारीख किंवा आकडा हवाच), खात्री किती टक्के, आणि काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन. शेवटी चिठ्ठी पुन्हा कधी उघडायची ती तारीख. ती त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये टाका. ही पद्धत बहुधा इथेच मोडते : चिठ्ठ्या साठतात, उघडत कोणी नाही.

आठ-दहा महिन्यांत तीसेक चिठ्ठ्या झाल्या की 'खात्री ८० टक्के' लिहिलेल्या बाजूला काढा. दर दहांपैकी आठ खऱ्या ठरल्या तर तुमचा अंदाज नीट आहे. पाचच ठरल्या, तर तुमचे ८० म्हणजे ५० आहेत, आणि क्लायंटला पुढची तारीख देताना हे ध्यानात ठेवायला हवं. रेट्रोमधून हे कधी बाहेर येत नाही. तिथे टीमच्या कामाची चर्चा होते, आणि समोर लीड बसलेला असताना 'तुमचा अंदाज चुकला' असं म्हणणारं नवव्या जागेवरचं पोर विरळाच.

एक जपा. निकाल आणि निर्णय वेगवेगळे तपासा. नीट विचार करून घेतलेला निर्णय कधी आपटतो, आणि घाईचा निर्णय कधी निभावून जातो. या निभावलेल्या चिठ्ठ्या सगळ्यात काळजीपूर्वक वाचाव्यात, असं आमचं ठाम मत आहे; कारण त्यांच्याबद्दल तुम्हाला दुसरं कोणी विचारणार नाही.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची प्रमुख नर्स) आहे. वॉर्डात चूक झाली की मला चार दिवसांनी कळतं, तेही तिसऱ्याकडून. मी कोणावर ओरडत नाही. मग वॉर्डातल्या मुली चुका का लपवतात?

सिस्टर, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण इथे लपलेल्या चुकीची किंमत रुग्ण भरतो.

१९९०च्या दशकात अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. ज्या गटांची प्रमुख चांगली, तिथे चुका कमी असतील, ही अपेक्षा होती. आकडे उलटे आले : चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त. तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या आणि इतर गटांत त्या दबून राहत होत्या, हा उलगडा त्यातून पुढे आला. तेव्हा 'माझ्या वॉर्डात चुका कमी कळतात' ही बाब दिलासा मानू नका. तुम्ही ती तशी मानलेली नाही, हे चांगलंच आहे.

आता स्वतःकडे बघताना 'मी रागीट आहे का' हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर आपल्याला आतून मिळत नाही. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी मांडलेल्या 'जोहारी खिडकी'त (माणसाची ओळख चार कप्प्यांत मांडणाऱ्या आकृतीत) एक कप्पा असा आहे, की तिथलं इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. कितीही वेळ एकांतात बसलात तरी तो कप्पा उघडत नाही. तो बाहेरूनच उघडावा लागतो.

त्यासाठी पहिले दहा सेकंद बघा. मुलगी येऊन सांगते, 'सिस्टर, दहाचं अँटिबायोटिक बाराला गेलं.' तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता येतो? 'कोणी?' येत असेल, तर आवाज कितीही मऊ असो, तिला निकाल कळला. 'अगं, असं कसं झालं?' हेही तसंच. पहिला प्रश्न रुग्णाचा हवा : 'पेशंट आता कसा आहे? डॉक्टरांना कळवलंस का?' मग, 'काय काय झालं ते क्रमाने सांग.' 'कोणी' हे त्या क्रमात आपोआप येतं.

दुसरं, मोजा. वहीच्या एका पानावर दोन रकाने : चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक जी मुलीने स्वतः येऊन सांगितली, आणि जी मला शोधून काढावी लागली. चार आठवडे ठेवा. पहिला रकाना वाढायला हवा. सुरुवातीला दोन्हींची बेरीजही वाढलेली दिसेल. म्हणून अधिसेविकांना (मेट्रनना) आधीच कल्पना देऊन ठेवा, नाहीतर 'तुमच्या वॉर्डात चुका वाढल्या' अशी विचारणा होईल आणि सगळं पुन्हा बंद पडेल.

तिसरं, विचारा, पण चिमटीत धरता येईल एवढं छोटं. 'माझ्यात काही सुधारायला हवं का?' याला 'नाही सिस्टर, सगळं छान' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी : 'काल दुपारच्या ओव्हरला (पाळी बदलताना माहिती देताना) मी मध्येच बोलले, तेव्हा तुझं काही सांगायचं राहिलं का?' उत्तर आलं की खुलासा करू नका. ऐका, बरं झालं सांगितलंस म्हणा, आणि आठवड्याच्या आत त्यावर काहीतरी बदललेलं दिसू द्या. आधी कायमच्या, जुन्या सिस्टरना विचारा. कंत्राटी मुलींच्या नेमणुकीचं नूतनीकरण डोक्यावर असतं. त्यांच्याकडून समोरासमोर खरं उत्तर मागणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. जुन्या सिस्टरने सांगितलेल्या गोष्टीचं काही वाईट झालं नाही, हे त्या बघतील आणि मग बोलतील.

प्रश्न : कोल्हापूरला शिरोलीत आमची फाउंड्री (धातू ओतण्याचा कारखाना) आहे, चाळीस माणसं. मालकाने चूक कबूल केली की धाक जातो, असं वडील सांगायचे. कबूल करावी का? आणि कशी?

कोणाची चूक होती ते फ्लोअरवर आधीच माहीत असतं. मालकाला ते माहीत आहे का, एवढंच कामगारांना ठाऊक नसतं. कबुलीने ते कळतं.

रीत मात्र सांभाळा. एकदाच, थोडक्यात, नेमक्या गोष्टीची, आणि बदललेल्या नियमासकट. 'शनिवारची हीट (भट्टीतला वितळलेला धातू) घाईने ओतायला मी सांगितलं. वाळूचा ओलावा तपासला नव्हता. ब्लोहोल (कास्टिंगमधली छिद्रं) त्यामुळे आले. यापुढे ओलाव्याचा आकडा पाटीवर लिहिल्याशिवाय मोल्डिंग सुरू होणार नाही, मी सांगितलं तरी नाही.' वाक्यात 'पण' येऊ देऊ नका. 'पण पार्टीची गाडी उभी होती' म्हटलंत की ती कबुली राहत नाही. महिनाभर तेच उगाळूही नका. त्याने समोरचे अवघडतात आणि 'नाही साहेब, तुमचं काय चुकलं' असं तेच तुमची समजूत काढू लागतात.

खरं काम याच्या पुढे आहे. अभ्यासक ख्रिस आर्जिरिस थर्मोस्टॅटचं उदाहरण देत. खोली थंड झाली की तो हीटर चालू करतो, पण हे तापमान ठरवलं कोणी आणि ते बरोबर आहे का, असं तो विचारत नाही. वरिष्ठही बहुधा असंच वागतात. ओलावा वाढला, वाळू बदला. पुन्हा वाढला, मोल्डरला बोला. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच घाई का होते, हे कोणी विचारत नाही. सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह महिन्यात किती टन ओतलं यावर असेल आणि परत आलेलं कास्टिंग त्यातून वजा होत नसेल, तर घाई त्या हिशोबातच बसलेली आहे, आणि तो हिशोब तुम्हीच घातलेला आहे. गेल्या सहा महिन्यांतल्या रिजेक्शनच्या तारखा एका कागदावर काढा. २४ तारखेनंतर गर्दी दिसली, तर वाळूकडे नंतर बघा, इन्सेंटिव्हकडे आधी.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. शिक्षक बैठकीत 'आपलं कुठे चुकलं?' विचारते. सगळे गप्प बसतात, नाहीतर पालकांवर ढकलतात.

प्रश्न फार मोठा आहे आणि तो विचारणारी खुर्ची उंच आहे. अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकापासून सरावानंतर एक बैठक होते. तिचे प्रश्न चार : काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. त्यात हुद्दा मध्ये येऊ द्यायचा नाही, असा दंडक असतो. शाळेत हे जसंच्या तसं चालतं, फक्त विषय लहान घ्या. 'शाळेचा दर्जा' नको; 'परवाची शिष्यवृत्ती सराव चाचणी' घ्या.

चाळीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, बोलायचं नाही. यामुळे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे जात नाहीत. मग दहा मिनिटं ठरलेलं आणि झालेलं, दहा मिनिटं कारणं, आणि उरलेली पंधरा पुढच्या वेळेसाठी. बैठकी फसतात त्या बहुतेक कारणांतच अडकून, आणि शेवटच्या भागाला दोन मिनिटं उरतात. बोलण्याचा क्रम सगळ्यात नव्या शिक्षकापासून, तुम्ही शेवटी. सुरुवातीला तुमची स्वतःची एक नेमकी चूक मात्र सांगा : 'प्रश्नपत्रिका मी आदल्या संध्याकाळी दिल्या, तुम्हाला बघायला वेळच मिळाला नाही.' पालकांचा विषय निघाला तर थांबवू नका. फळ्याच्या कोपऱ्यात 'आपल्या हातात नाही' असा चौकोन करून त्यात लिहा आणि पुढे चला.

प्रश्न : मडगावला हॉटेलात हाउसकीपिंगची प्रमुख आहे. मी स्वतःची इतकी तपासणी करते की झोप उडाली आहे. माझंच चुकतं असं सतत वाटतं.

ताई, तुम्हाला वहीपेक्षा कुंपणाची गरज जास्त आहे.

वेळ बांधा : दिवसातून एकदाच, दहा मिनिटं, कामाच्या जागी, गजर लावून. अंथरुणावर विचार आला तर एक शब्द कागदावर टिपा आणि 'उद्या साडेचारला' म्हणून सोडा. प्रश्नही बदला. 'माझं असं का होतं?' याचा तळ लागत नाही. दर वेळी नवा दोष सापडतो. 'काय झालं? आता काय करता येईल?' याला उत्तर असतं. आणि लिहिताना स्वतःला नावाने किंवा 'ती' म्हणून संबोधा, दुसऱ्या कोणाबद्दल लिहिल्यासारखं : 'तिने बारा चेकआउटच्या दिवशी दोन मुलींना सुट्टी दिली, कारण एकीचं बाळ आजारी होतं.' मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांच्या अभ्यासांत असं अंतर ठेवून विचार केल्याने मनाचा ताण उतरताना दिसला आहे. तेच वाक्य दुसऱ्या सुपरवायझरबद्दल असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता, ते खाली लिहा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ही आत्मपरीक्षणाची बाब राहिलेली नाही; डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि ती अशाच वेळी वापरायची असते. यात कमीपणा नाही.

प्रश्न : अ‍ॅप चांगलं की वही?

वही. हळू लिहिलं जातं, आणि ती उघडल्यावर दुसरं काही वाजत नाही. शंभर पानी, खिशात मावेल अशी घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर अशा नोंदी ठेवू नका. तो कंपनीचा आहे. आणि वहीतसुद्धा हाताखालच्या माणसांची नावं, आजार, घरची भांडणं लिहू नका. एक अक्षर किंवा खूण पुरते. वही कॅन्टीनच्या टेबलावर विसरली तर दुसऱ्या कोणाची अब्रू जाऊ नये, एवढी काळजी पहिल्या पानापासून घ्या.